सोबतीचे दान : परळ ते कल्याण



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विहाराच्या तीस वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला. जागा कशी मिळाली, पहिली भिंत कोणी रचली, बुद्धमूर्ती कशी आणली, हे आपले ज्येष्ठ उपासक माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी वर्गणीच्या जुन्या वह्या काढून बसलो आणि १९९८ च्या वहीतल्या एका पानावर अडलो. त्या पानावर लिहिले आहे : 'आजारी सभासदास मदत. जमा रु. ११,३४०. खर्च रु. ४,९००. शिल्लक रु. ६,४४०.' खाली सही माझी आहे.

गरिबांच्या वस्तीत आजारपणासाठी जमवलेला पैसा सहसा उरत नाही, कमीच पडतो. मग हा का उरला? त्याचा जाब मला द्यायचा आहे. त्यासाठी आधी परळचा इतिहास थोडा सांगावा लागेल.

परळ हे गिरण्यांचे गाव, तसे ते दवाखान्यांचेही गाव. गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणे नीट व्हावीत म्हणून नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झाले. त्याच वर्षी के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले आणि १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. कॅन्सरच्या दवाखान्याची कथा घरच्या दुःखातून सुरू होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. या रोगावर आपल्या देशात काही सोय नाही, हे दोराबजींच्या मनाला लागले. त्यांनी आपली संपत्ती, दागिन्यांसकट, ट्रस्टच्या हवाली केली आणि १९३२ साली तेही गेले. त्या ट्रस्टच्या पैशातून टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. ज्याच्या खिशात काही नाही अशा माणसालाही तिथे केस पेपर काढता येतो, तो यामुळेच.

मी गिरणी कामगार आहे, म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जात नाही. टाटांची पहिली मोठी गिरणी, नागपूरची एम्प्रेस मिल, १८७७ साली सुरू झाली. वाडियांचाही धंदा गिरण्यांचाच. या दानात देणाऱ्याचे मन मोठे होते हे मान्यच. पण त्या पैशात साचा खात्यात, सूतखात्यात घाम गाळणाऱ्याचाही अंश होता, हे आपण विसरू नये. म्हणजे तिथे आपण केवळ उपकाराचे धनी नाही.

दवाखाना झाला, औषध झाले. पण विदर्भातून, मराठवाड्यातून, पार बिहार-बंगालमधून आलेला रोगी दोन महिने राहणार कुठे? त्याच्यासोबत आलेली बायको भाकरी थापणार कुठे? हा प्रश्न ज्याने लवकर ओळखला तो माणूस शाळा शिकलेला नव्हता. संत गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधून घेतली. बाबासाहेबांचे आणि त्यांचे नाते आपल्याला ठाऊक आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा. पुढे त्यांच्या नावाच्या मिशनने दादर पूर्वेला धर्मशाळा चालवली आणि टाटा हॉस्पिटलला येणारे हजारो रोगी तिथे टेकले. हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या माणसाने एवढे ओळखले होते की, आजारी माणसाला नुसता डॉक्टर पुरत नाही.

त्यानंतर पुष्कळ हात पुढे आले. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली निघाली. तिने १९६३ साली मुंबईत कॅन्सरची नोंदवही सुरू केली, त्यामुळे कोणत्या भागात, कोणाला, कसला कॅन्सर होतो हे कळू लागले. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन स्थापन झाली. ज्यांच्यावर उपचार संपले त्यांना शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढता यावेत म्हणून १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडले. १९९४ साली निघालेल्या व्ही केअर संस्थेत कॅन्सरमधून उठलेली माणसेच नव्या रोग्याजवळ बसून धीर देतात. हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत ट्रस्टने टाटाच्या बाहेर रोग्यांना आणि नातेवाइकांना जेवू घातले. त्यासाठी घराघरातली रद्दीसुद्धा गोळा केली. रद्दीचे दान! ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्याकडेही जुने वर्तमानपत्र निघतेच.

आता आमच्याकडे वळतो. गिरणीत आगीच्या भीतीने विडी ओढायला बंदी. पण आठ तास उभ्याने साचे चालवायचे, झोप उडवायची, भूक मारायची, म्हणून कामगार गालात तंबाखू धरायचा. घरी बायका सकाळी मिश्री लावायच्या. यात कोणाला काही वाईट वाटत नव्हते. गावमंडळाच्या खोलीत चुन्याची डबी सगळ्यांची एकच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि संप मोडल्यावर गिरणगाव पांगले. कोणी गावी गेले, कोणी ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथकडे सरकले. माझे वडील कल्याण पूर्वेला आले. चाळ सुटली, गावमंडळ सुटले, पण तंबाखू आमच्याबरोबर आली. आणि ती वीस-पंचवीस वर्षांनी आपला हिशेब मागते.

मी १९९० साली बदली कामगार म्हणून परळच्या गिरणीत लागलो. आमच्याच खात्यात, आमच्याच वस्तीत राहणारे एक वडीलधारे कामगार होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. विहाराच्या पायाचा पहिला दगड ज्यांनी डोक्यावरून आणला त्यांपैकी ते एक. १९९८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो फुटला. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले आणि नंतर शेक घ्यायला सांगितला. शेक म्हणजे रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे, रोज जायचे.

आम्ही तरुण कार्यकर्ते जोरात होतो. बुद्ध पौर्णिमेला विहारात आवाहन केले. रिक्षावाल्यांनी दिले, भाजीवाल्या बायांनी दिले, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांनी पाच-पाच रुपये दिले. चार दिवसांत अकरा हजार! आम्ही ते पाकीट दादांच्या हातात ठेवले, फोटो काढला आणि आपले काम झाले असे समजून घरी गेलो.

दादा दहा दिवस गेले. कल्याणहून सकाळच्या गर्दीत, तोंडाला फडका बांधून, पेजेची बाटली पिशवीत घेऊन. त्यांना वाचता येत नव्हते. कुठली खिडकी, कुठला मजला, कुठल्या रंगाचा कागद, हे विचारायला तोंड नीट उघडत नव्हते. वहिनी धुणीभांडी करायच्या. त्या सोबत गेल्या तर त्या दिवसाचे काम जायचे. थोरला मुलगा दहावीला. अकराव्या दिवशी डोंबिवलीला गाडीत शिरलेल्या लोंढ्यात त्यांच्या गालाला कोणाचे तरी कोपर लागले. ते ठाण्याला उतरले आणि परत आले. त्यानंतर ते एकटे गेले नाहीत.

मला हे ठाऊक होते. मी त्याच मार्गाने रोज परळला जात होतो. पण माझी पहिली पाळी सकाळी सातची आणि त्यांची वेळ अकराची. त्यांच्यासोबत जायचे म्हणजे खाडा. बदली कामगाराला खाडा परवडत नाही, असे मी स्वतःला सांगितले. ते खरेही होते. पण वस्तीत आम्ही तीस कार्यकर्ते होतो. शेकचे दिवसही तीसच! प्रत्येकाने एक खाडा केला असता तरी पुरे होते. हा साधा हिशेब आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. शेक मध्येच सुटला की रोग पुन्हा उचल खातो, हे डॉक्टरांनी सांगितले होते. तसेच झाले. पुढच्या वर्षी दादा गेले.

वहिनींनी ६,४४० रुपये परत आणून दिले. म्हणाल्या, "भाऊ, पैशे कमी न्हवते." एवढेच म्हणाल्या.

त्या पैशाचे काय करायचे यावर समितीत दोन बैठका झाल्या. लाउडस्पीकर घ्यावा असेही एक मत होते. शेवटी ठरले की आजाराचा पैसा आजारालाच. पण त्याबरोबर एक वेगळी वही घालायची. पैशाची नाही, दिवसांची. वस्तीत कोणाला लांबचा उपचार असेल तर कोण कोणत्या वारी सोबत जाणार, त्यांची नावे. निवृत्त माणसे, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचे कामगार, कॉलेजची मुले, ज्यांचा रविवार मोकळा नसतो पण मंगळवार असतो अशा बाया. विहाराचा खरा इतिहास मला त्या वहीत दिसतो. तिच्यात मोठी नावे नाहीत. वार, गाडीची वेळ आणि सही, एवढेच आहे.

त्याच १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी एक मोठे काम हाती घेतले. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी महागडे यंत्र न लावता व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासायचे. ही तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. सुमारे दीड लाख बायकांची पाहणी झाली. तपासणी झालेल्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असा निकाल २०१३ साली जाहीर झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. आपल्या महिला मंडळाने हे ध्यानात घ्यावे. दहावी शिकलेली बाई, तिला नीट शिकवले तर, माणसे वाचवते. दारोदार जाऊन 'ताई, एकदा तोंड आरशात बघा, पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर दाखवा' एवढे सांगायला तर तेवढीही शाळा लागत नाही.

आज पुष्कळ सोयी झाल्या. २०१२ साली सुरू झालेली सरकारी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, तिच्यात कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. २००२ साली खारघरला टाटाचे केंद्र झाले. ठाण्यात बाळकूमला कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ साली झाले. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला जाता येते. पण योजनेला रेशनकार्ड लागते, त्यावर नाव चुकलेले असते, ते दुरुस्त करायला कोणीतरी तहसील कार्यालयात उभे राहावे लागते. डब्यात जाता येते हे कोणीतरी सांगावे लागते. सोय आणि माणूस यांच्यामध्ये अजूनही एक माणूसच लागतो.

रक्तदानाचेही तसेच. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण मोठी शिबिरे घेतो, त्याचा अभिमान आहे. पण रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकते आणि रक्ताच्या कॅन्सरच्या मुलाला लागणाऱ्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. एप्रिलमध्ये दिलेले जुलैत कामाला येत नाही. म्हणून शंभर जणांच्या एका शिबिराबरोबरच, वर्षभर फोन केल्यावर येणाऱ्या वीस जणांची यादीही हवी.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. आपण त्याचा अर्थ रुपयांतच लावतो. मजुराकडे रुपये थोडे, पण महिन्याचे दिवस श्रीमंताइतकेच. तिसाचा विसावा हिस्सा म्हणजे दीड दिवस.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला समजावले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. या गोष्टीत पैशाचा उल्लेखही नाही. पाणी आहे आणि दोन माणसांचे हात आहेत.

मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमची गिरणी थांबली, ती परत चालू झालीच नाही. आता मला पाळी नाही, खाड्याची भीती नाही. मंगळवार आणि शुक्रवार माझे नाव त्या वहीत असते. सकाळच्या गाडीने मी कोणाला ना कोणाला घेऊन परळला उतरतो. दादांचा थोरला मुलगा आता रेल्वेत आहे. त्याने शनिवार घेतला आहे.

वही विहाराच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवली आहे. बुधवार आणि गुरुवार सध्या रिकामे आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!