सापाचं अंथरूण

परवा अमेरिकेतल्या नातवाचा फोन आला. साहेबांनी कॉर्न स्नेक पाळला आहे! बिनविषारी, तिकडचाच साप. त्याच्या पेटीत खाली काय पसरावं, हा प्रश्न होता. मी आपली सहज म्हणाले, "अरे, थंडीचे दिवस आहेत, मी दिलेल्या गोधडीचा तुकडा घाल की." तो खो खो हसला. म्हणाला, "आजी, लंडनवाल्यांनी हेच केलं होतं."

जन्मभर इतिहास शिकवला, पण हे प्रकरण मला ठाऊक नव्हतं. मग शोधून वाचलं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सर्पगृह उघडलं. जगातलं पहिलं. उष्ण प्रदेशांतले मोठमोठे साप इंग्लंडच्या गारठ्यात आणून ठेवलेले, तेव्हा त्यांना पांघरायला ब्लँकेटं दिली. हेतू चांगलाच होता. पण १८५१ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका बोआने आपलं ब्लँकेटच गिळलं! महिन्याहून अधिक काळ ते त्याच्या पोटात होतं, मग नोव्हेंबरात त्याने ओकून टाकलं. सापाचे दात आत वळलेले असतात, एकदा घास धरला की तो सोडणं अवघड. भक्ष्याचा वास लागलेलं कापड त्याला भक्ष्यच वाटू शकतं.

आणि मुळात त्या ब्लँकेटचा उपयोग काय होता? गोधडी ऊब देते असं आपण म्हणतो, पण ती आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. सापाच्या अंगात ती नसतेच, त्याला बाहेरून घ्यावी लागते. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतात ना, तशीच गत! अपवाद आहे. १८४१ साली पॅरिसमध्ये एक अजगरीण अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती, तेव्हा व्हालांसिएन या शास्त्रज्ञाने मोजून पाहिलं, तर तिचं अंग भोवतालापेक्षा गरम निघालं. पण ते अंडी उबवण्यापुरतं.

पुढे लोक घरोघरी साप पाळू लागले. वर्तमानपत्र सगळ्यांत स्वस्त, घाण झालं की फेकून द्यायचं. पण त्यात सापाला घुसता येत नाही. काहींनी सीडरचा भुसा घातला. वास छान, कपाटात ठेवला तर कसर लागत नाही. ज्या तेलांमुळे कसर पळते, तीच तेलं बंद पेटीत सापाच्या श्वासाला बाधतात. वास आवडत होता माणसांना, कोंडला जात होता साप. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा चुराही वापरला जाई. तो भक्ष्याबरोबर पोटात गेला की आतडं तुंबू शकतं. ओलाव्यात राहणाऱ्या सापांना आता नारळाच्या सोडणाचा भुसा घालतात, तो पाणी धरून ठेवतो.

कॉर्न स्नेकला मात्र कोरडं आणि बिळासारखं लागतं. त्याला अ‍ॅस्पेन झाडाचा भुसा बरा. ओला झाला तर बुरशी धरतो, एवढं सांभाळायचं. नातवाने तोच तीन बोटं जाड पसरला, पेटीच्या एका टोकाला खालून ऊब दिली आणि मला फोटो पाठवला. फोटोत नुसता भुसा. "साप कुठाय रे?" म्हटलं.

"आत झोपलाय," म्हणाला, "आणि तुझी गोधडी माझ्या अंगावर आहे."