तीनचाकी स्कूटर, मध्यम आकाराची : वेग व क्षमता

तीनचाकी स्कूटर, मध्यम आकाराची : ज्यांना दुचाकीचा तोल पायांनी सावरता येत नाही, अशा व्यक्तींसाठी मागच्या बाजूला जादा चाके बसवलेली स्कूटर. पोलिओ, पक्षाघात, अपघात किंवा अवयव गमावल्याने पायांतले बळ कमी झालेले लोक ती प्रामुख्याने वापरतात. सुमारे १०० ते १२५ सीसी इंजिनाची गाडी या नोंदीत मध्यम आकाराची मानली आहे. तिच्यापेक्षा लहान ती २५० वॉटच्या आसपास मोटर असलेली बॅटरीवरची तीनचाकी सायकल, आणि मोठी ती ऑटोरिक्षा. सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर मध्यम गाडीकडून ताशी ३५ ते ४० किमी. वेगाची अपेक्षा धरावी. इंजिनात याहून जास्त वेगाची ताकद असते, पण वळण, रस्त्याची कड आणि ब्रेक यांची मर्यादा त्याआधीच येते.

रचना : सर्वांत प्रचलित प्रकारात कारखान्यातून आलेल्या गिअरलेस स्कूटरला लोखंडी चौकट जोडून मूळ मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ‘साइड व्हील’ बसवतात. इंजिनाची ताकद मधल्या चाकालाच मिळते. बाजूची चाके नुसती फिरतात व तोल धरतात. दुसऱ्या प्रकारात मधले चाक काढून मागे आस व दोन चाके बसवतात. दोन्ही चाकांना ताकद द्यायची असेल, तर वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो. तो ऑटोरिक्षात असतो.

भारतात गिअरलेस स्कूटर आल्यावर या गाड्यांचा वापर खऱ्या अर्थाने सोपा झाला. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकला किक मारावी लागे आणि मागचा ब्रेक पायाने दाबावा लागे. १९८४ मध्ये आलेल्या ९८ सीसी कायनेटिक होंडाला बटण-स्टार्ट होते व गिअर बदलावे लागत नसत. आजच्या ११० सीसी गिअरलेस स्कूटरमध्ये दोन्ही ब्रेक हाताशीच असतात, म्हणून ज्याच्या दोन्ही पायांत बळ नाही तोही ती स्वतः चालवू शकतो.

परदेशांत याच गरजेची उत्तरे वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या बॅटरी स्कूटरला पदपथावर ताशी ६.४ किमी. व रस्त्यावर १२.८ किमी. एवढीच कमाल मर्यादा आहे. इटलीच्या पियाजिओने २००६ मध्ये आणलेल्या एमपी-३ या गाडीची पुढची दोन चाके वळणावर कलतात, त्यामुळे ती दुचाकीसारखी झुकून वळते. साइड व्हीलची स्कूटर झुकू शकत नाही. तिच्या वेगाचा सारा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

ताकद व वेग : ११० सीसी स्कूटरचे इंजिन साधारण ५.७ किलोवॉट, म्हणजे पावणेआठ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. पट्टा व क्लच यांतील घट वजा जाता सुमारे ४ किलोवॉट चाकाशी पोचतात असे धरू. गाडी, जादा चौकट व चालक मिळून २२० किग्रॅ. वजन असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी.साठी १.१ किलोवॉटच्या आसपास, ५० साठी १.९ आणि ६० साठी २.९ किलोवॉट ताकद लागते. चाळिशीनंतर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. म्हणजे ताशी ६० किमी.लाही ताकद पुरते. पिकअप मात्र मूळ स्कूटरपेक्षा मंद होतो, कारण तेच इंजिन जास्त वजन ओढत असते. ओव्हरटेक करताना हे आधी लक्षात घ्यावे.

वळण व स्थैर्य : मागच्या चाकांमधले अंतर ८० सेंमी., चालकासह गुरुत्वमध्याची उंची ७० सेंमी. आणि तो पुढच्या चाकापासून गाडीच्या लांबीच्या सहा-दशांश अंतरावर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक-तृतीयांश एवढ्या बाजूच्या ओढीला आतले चाक उचलले जाते. त्यानुसार २० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किमी.ला आणि १० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी २१ किमी.ला गाडी उलटण्याच्या सीमेवर येते. खड्डा, वारा आणि मागे बसलेल्याची हालचाल यांसाठी निम्मी शिल्लक ठेवली, की सुरक्षित वेग अनुक्रमे २० व १५ किमी. ठरतो. वेग दुप्पट झाला की बाजूची ओढ चौपट होते, म्हणून वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा. दुचाकीवरून तीनचाकीवर आलेल्याला सवयीने शरीर आत झुकवून गाडी वळेल असे वाटते. येथे गाडी हँडलनेच वळवावी लागते. शरीराचा भार आतल्या बाजूला टाकला तर तोल धरायला मदत होते.

ब्रेक : बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो, मूळ दोन चाकांचे ब्रेकच वाढलेले वजन थांबवतात. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून संयुक्त ब्रेक सक्तीचा आहे. त्याने मदत होते, तरी अंतर वाढतेच. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला आणि ब्रेक मध्यम ताकदीचे मानले, तर ताशी २५ किमी.ला सुमारे १३ मी., ४० ला २६ मी. व ५० ला ३८ मी. अंतर लागते. साइड व्हील खड्ड्याच्या कडेवर चढले आणि मधले चाक अधांतरी झाले, तर त्या क्षणी मागचा ब्रेक व इंजिनाची ताकद दोन्ही निकामी होतात. स्प्रिंग नसलेल्या ताठ चौकटीत हे वरचेवर घडते.

चढ, ऊन व इंधन : मागे माणूस व सामान घेऊन एकूण वजन २८० किग्रॅ. झाले आणि शंभर मीटरला आठ मीटरचा चढ असेल, तर ताशी ३० किमी.ला २.६ किलोवॉट व ४० ला ३.७ किलोवॉट लागतात. म्हणून भरल्या गाडीला घाटात ताशी ३० किमी. हा वाजवी वेग होय. हवा ४५ अंश सेल्सिअस तापली की २५ अंशांच्या मानाने तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते व इंजिनाची ताकदही जवळपास तितकीच उतरते. लांब चढावर पट्टा व क्लच तापतात, तेव्हा माथ्यावर थोडे थांबावे. अ‍ॅव्हरेज मूळ स्कूटरपेक्षा कमी, लिटरला ३० ते ४० किमी. धरावे.

बॅटरीवरची तीनचाकी सायकल सपाटीवर ताशी १२ ते १५ किमी. चालते. २४ व्होल्ट व ३० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीवर, ती पूर्ण रिती न करता, सुमारे २५ किमी. जाता येते. शंभराला पाचच्या चढावर तिचा वेग ताशी ६ किमी.पर्यंत, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका उतरतो. गावातल्या गावात ती उत्तम, तालुक्याच्या फेऱ्यांना अपुरी.

कोरपना परिसरातील वापर : चंद्रपूर जिल्ह्याचा कोरपना तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे आणि उत्तरेला पैनगंगेपर्यंत पोचतो. येथे काळी कापसाची जमीन आहे व जमिनीखाली चुनखडी. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही व नारंडा येथील सिमेंट कारखान्यांमुळे राजुरा–गडचांदूर–कोरपना मार्गावर अवजड ट्रकांची सतत ये-जा असते. कोरपना ते गडचांदूर हे सुमारे २० किमी. अंतर आहे. ब्रेकर, गावातली वर्दळ आणि ट्रकांना दिलेली वाट धरता सरासरी ताशी २५ किमी. पडते, प्रवासाला पाऊण तासाहून थोडे अधिक द्यावे.

या मार्गावर खरा धोका साइडपट्टीचा आहे. ट्रकला वाट देताना एक बाजूचे चाक १५ सेंमी. खाली उतरले, तर ८० सेंमी. रुंदीची गाडी सुमारे ११ अंश कलते आणि तिच्या स्थैर्याचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच खर्च होतो. म्हणून आरशात ट्रक दिसताच वेग अगदी कमी करून सरळ रेषेत उतरावे. वेगात असताना कडेवरून हँडल वळवू नये. जिवतीच्या पहाडाकडे जाताना चढापेक्षा उताराची काळजी अधिक घ्यावी. थ्रॉटल पूर्ण सोडून गाडी मोकळी धावू देऊ नये, ब्रेक थांबून थांबून दाबावा.

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर तीन चाकोऱ्या पडतात. काळा चिखल प्रत्येक चाकाला धरतो आणि मधल्या चाकावर पुरेसा भार नसल्याने ते जागीच फिरते. अशा वेळी वेगाचा प्रश्नच उरत नाही. शेतापर्यंत पोचण्याची हमी ही गाडी देत नाही आणि पाणी वाहत असलेल्या रपट्यावर ती घालूच नये.

कायदा व साहाय्य : मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या व मंजुरीने फेरबदल केलेल्या वाहनांना ‘अनुकूलित वाहन’ या एकाच व्याख्येत आणले. कलम ५२ प्रमाणे फेरबदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या गाड्यांचा क्रमांक एमएच-३४ ने सुरू होतो. नोंद नसलेली जोडणी विम्याच्या दाव्यात अडचण आणू शकते. ज्या बॅटरी वाहनाच्या मोटरची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा व कमाल वेग ताशी २५ किमी.पेक्षा कमी असल्याचे चाचणी संस्थेने प्रमाणित केले आहे, ते ठरलेल्या अटींवर मोटार वाहन मानले जात नाही. बॅटरीवरच्या सायकली केंद्राच्या ॲडिप योजनेतून, मुख्यतः कानपूरच्या अलिम्को या सरकारी संस्थेमार्फत दिल्या जातात.

निवड व देखभाल : चौकट स्प्रिंगची असावी, बाजूची चाके शक्य तितकी रुंद पसरलेली असावीत आणि मधल्या चाकावर भार पुरेसा राहील अशा उंचीवर ती बसवावीत. चाकांमधले अंतर ८० वरून ९० सेंमी. केले, तर वळणावरचे स्थैर्य आठव्या हिश्श्याने वाढते. इतका लाभ इंजिन मोठे घेऊन मिळत नाही. चारही टायरांतली हवा, वेल्डिंगच्या सांध्यांवरचे तडे व नटबोल्ट दर आठवड्याला पाहावेत. सिमेंटच्या धुळीत एअर फिल्टर सांगितलेल्या मुदतीआधीच साफ करावा. कुबड्या गाडीला घट्ट बांधता येतील अशी सोय जोडणीच्या वेळीच करून घ्यावी. कोणाच्याही मदतीवाचून बाजाराला, दवाखान्याला, शाळेला, कामावर जाता येणे ही या गाडीची खरी क्षमता आहे, आणि त्यासाठी ताशी ३५ किमी. वेग पुरेसा आहे.