बसकी गाडी आणि उंच चाकं

परवा अंजनगावला गेलो होतो. दारात पुतण्याची नवी, विजेवरची गाडी उभी. बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच तो म्हणाला, "काका, स्प्रिंगा बदलून गाडी दीड इंच खाली घ्याची हाय."

"कायले?"

"दिसाले भारी दिसते ना! अन् रोज चालवाले बी रस्त्याले चिपकून राहाते."

मला खोड अशी की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मागे जाऊन शोधायचं. तर मंडळी, थोडं मागे जाऊ.

ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती! २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झीने ती १०५.८८ च्या वेगाने पळवली. आकार पाणतीराचा, पण चाकं उघडी आणि चालक टांगेवाल्यासारखा वर बसलेला. त्यामुळे त्या आकाराचा फायदा बराचसा वाऱ्यावरच गेला. पुढे मोटारी हळूहळू खाली आल्या. कॅलिफोर्नियात तर मेक्सिकन वंशाची पोरं डिकीत वाळूची पोती टाकून गाडी बसवायची. १९५८ मध्ये तिथल्या कायद्याने रिमच्या खाली जाणाऱ्या गाड्यांवर बंदी घातली. लगेच १९५९ मध्ये रॉन अगिरेने हायड्रॉलिक पंप बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! ती बंदी उठायला २०२४ उजाडलं.

आपल्या वऱ्हाडाचा इतिहास मात्र उंचीचा. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतणार, म्हणून बंडीची चाकं उंच. डिसेंबर १८०३ मध्ये स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटच्या डोंगरातून रस्ता काढत जड तोफा लबाड्यापर्यंत ओढून नेल्या. १५ तारखेला गाविलगड पडला आणि ३० तारखेला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, तो आपल्याच सुर्जी-अंजनगावात. आमचे आजोबा दमणी सजवायचे, बैलांना झुली, घुंगरं, चाकांना रंग. हौस दांडगी, पण चाक लहान करावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पुतण्याला एवढंच म्हटलं, बाबा रे, तुझ्या गाडीचा सगळ्यात महाग भाग, म्हणजे बॅटरी, पायाखाली आहे. तिच्या वजनाने गाडी मुळातच रस्ता धरून चालते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतला कोणी मोजून बांधलाय? पाच माणसं बसली की गाडी आणखी दबणार. स्प्रिंग आखूड केली की खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळणार, चाकांचा कोन बदलून टायर आतून झिजणार. वाऱ्याचा जो थोडा फायदा, तो हायवेच्या वेगाला, बाजारातून जाताना नाही. शिवाय कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ च्या आधारे सांगितलंच आहे.

पटलं नाही. तोंड फुगलेलंच.

तेवढ्यात आई बाहेर आली, दवाखान्यात जायला. तिचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. दार उघडलं, न वाकता सरळ आत बसली आणि म्हणाली, "हे बरं हाय बापा, खुर्चीवानी बसता येते."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. मी असेपर्यंत स्प्रिंगांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोनशे वर्षांच्या इतिहासाने जे झालं नाही, ते दुखऱ्या गुडघ्यांनी केलं. असो.