बोटीवरचा संडास आणि सोनखत

शिडाच्या लहान बोटीसाठी विजेचा संडास घेणारा माणूस आधी मोटर पाहतो. ती वीज किती खाते, आवाज किती करते, पाते कशाने अडकते, हे विचारतो. माझे म्हणणे, त्याने आधी पाणी मोजावे. १२ व्होल्टवर २० अँपिअर ओढणारी मोटर अर्धा मिनिट चालली, तरी बॅटरीतून पाव अँपिअर-तासही जात नाही. मैला साठवायच्या टाकीचे गणित मात्र निष्ठुर असते. टाकी ४० लिटरची, माणसे चार, आणि प्रत्येक जण दिवसातून पाचदा जाणार असे धरू. दर वेळी अडीच लिटर पाणी घेणारा, मळ दळून ढकलणारा संडास दिवसाला ५० लिटर नुसते पाणीच टाकीत लोटू पाहतो. सूर्य मावळायच्या आत टाकी भरते. अर्ध्या लिटरवर भागवणारा व्हॅक्यूमचा संडास मलमूत्र धरूनही दोन दिवस निभावतो.

या व्हॅक्यूमच्या संडासाचे कूळ समुद्रात शोधायची रीत आहे: जहाजाच्या नाळेवरची उघडी जागा, मग हातपंप, मग मोटर. दळणाऱ्या संडासाला ही वंशावळ शोभते, व्हॅक्यूमला नाही. त्याचा मूळपुरुष मला जमिनीवर दिसतो, आणि तोही खताच्या धंद्यात. १८६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या चार्ल्स लिएर्नूर या अभियंत्याने घरांचे संडास नळांनी रस्त्याखालच्या लोखंडी टाक्यांना जोडले आणि वाफेच्या इंजिनावरच्या पंपाने हवा ओढून मैला वाहून नेला. पाण्याऐवजी हवा का? कारण त्याला मैला खत म्हणून विकायचा होता आणि पातळ मैल्याला गिऱ्हाईक नसते. घरोघर पाणी सोडायची सवय वाढली, खत पातळ झाले आणि त्याचा हिशेब कोलमडला. बोटवाल्याची टाकी ज्या कारणाने भरते, तेच हे कारण.

यावर आक्षेप येईल की आजचा व्हॅक्यूम संडास १९५० च्या दशकातल्या स्वीडनच्या योएल लिलियेंडालचा, आणि त्याला पाणी वाचवायचे होते, खत विकायचे नव्हते. कबूल. मधली ऐंशी-नव्वद वर्षांची फट मी अनुमानाने भरतो: लिएर्नूरची योजना युरोपातल्या नगरपालिकांमध्ये इतकी गाजली होती की हवेने मैला ओढण्याची कल्पना अभियंत्यांच्या बोलण्यातून पुसली जाणे शक्य नव्हते. शिवाय लिलियेंडालनेही संडासाचे पाणी न्हाणीच्या पाण्यापासून वेगळे ठेवले. घट्ट ते घट्टच राहू द्यायचे, हा खतवाल्याचाच विचार.

आपल्याकडे हाच विचार यंत्राविना आला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकून सोनखत करणारा संडास रूढ करायचा प्रयत्न केला. त्यांचा मुख्य हेतू भंगीमुक्तीचा होता, खत हा त्याचा आधार. पुढे देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी संडास थेट गॅसच्या टाकीला जोडला. आणि पाबळसारख्या कोरड्या मुलखात, जिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढला, तिथे हे गणित समजावून सांगावे लागू नये. गोबरगॅसमध्ये शेण आणि पाणी साधारण सारखेच कालवतात. पाणी वाढले की काला टाकीत मुरायचे दिवस घटतात आणि गॅस उतरतो. टाकीच्या मापाला रोजच्या भरतीने भागायचे, हा भागाकार बोटीवरही तोच.

म्हणून लहान बोटीसाठी मी व्हॅक्यूमच्याही पुढे जाईन. माणूस दिवसाला एक ते दीड लिटर मूत्र देतो, मळ मात्र काही शे ग्रॅमच. मूत्र वेगळ्या डब्यात घेणारा आणि छोट्या विजेच्या पंख्याने मळ कोरडा ठेवणारा संडास पाणी जवळजवळ मागतच नाही. बोट वाऱ्याने कलली की मूत्र मळाच्या बाजूला सांडेल, ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय भांड्याच्या घडणीत आणि बसायच्या दिशेत आहे. भरलेल्या टाकीवर तसा उपाय नाही. मूत्राचा डबा रोज रिकामा करावा लागतो, हेही खरे. तरी व्हॅक्यूमचा पंप, झडपा आणि त्यांचे सुटे भाग वागवण्यापेक्षा तो डबा उचलणे मी पत्करीन. व्हॅक्यूमचा संडास मोठ्या जहाजाला द्यावा, जिथे तो दुरुस्त करणारा माणूस पगारावर असतो.