बिछायत : वाहतूक व साठवण

बिछायत : जमीन झाकण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या आच्छादनांना बिछायत असे म्हणतात. गालिचे, सतरंज्या, जाजमे, चटया व घोंगड्या ही तिची जुनी रूपे होत. लिनोलियम, व्हिनिल आणि यंत्रावर तयार होणारे सलग गालिचे ही अलीकडची रूपे आहेत. बिछायतीची झीज पायांखाली होते हे उघड आहे. परंतु मौल्यवान बिछायतींचा इतिहास पाहता त्यांचा नाश पुष्कळदा त्या वापरात नसताना, म्हणजे वाहतुकीत, घडीत किंवा कोठारात झालेला आढळतो. ज्या बिछायती शतकानुशतके टिकल्या, त्यांच्या मागे बहुधा मोजदाद, नियमित तपासणी आणि जबाबदार माणसे यांची व्यवस्था होती. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात दिला आहे.

प्राचीन काळ : आज ज्ञात असलेला सर्वांत जुना गाठींचा अखंड गालिचा सायबीरियातील अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे मिळाला. रशियन पुरातत्त्वज्ञ स्यिर्गेई रुडेंको यांनी १९४९ मध्ये तेथील पाचव्या थडग्यातून तो बाहेर काढला. तो इ. स. पू. पाचव्या ते चौथ्या शतकांतील असून त्याचा आकार सु. १·८३ × २ मी. आहे. थडगे लुटणाऱ्यांनी पाडलेल्या भगदाडातून पाणी आत शिरून गोठले आणि त्या बर्फात लोकर व रंग दोन्ही टिकून राहिले. थंडी, अंधार व कीटकांचा अभाव या साठवणीच्या तिन्ही अटी येथे निसर्गानेच पुरविल्या होत्या.

याउलट उदाहरण इराणच्या सासानी दरबारातील ‘खुस्रवच्या वसंत’ या गालिच्याचे आहे. अरबांनी ६३७ च्या सुमारास टेसिफॉन ही राजधानी जिंकली, तेव्हा सोने, रेशीम व रत्ने यांनी उद्यानाचे चित्र साकारलेली ही प्रचंड बिछायत त्यांच्या हाती पडली. तबरी या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार ती मदीनेपर्यंत अखंड नेण्यात आली. मात्र तेथे खलीफा उमर यांनी तिचे तुकडे करवून वाटणी केली. हजरत अली यांच्या वाट्यास आलेला तुकडा वीस हजार दिरहमांस विकला गेल्याची नोंद आहे. दूरच्या वाहतुकीतून सुखरूप पार पडलेली ही वस्तू वाटणीत मात्र नाहीशी झाली.

फरासखाना : बिछायतीच्या सांभाळासाठी स्वतंत्र खाते असण्याची पद्धत इराणी व मोगल दरबारांतून भारतात रूढ झाली. पसरणे या अर्थाच्या अरबी धातूपासून ‘फर्श’ व ‘फर्राश’ हे शब्द आले. मराठीतील ‘फरास’ व ‘फरासखाना’ हे त्यांचेच रूपांतर होय. अकबराच्या कारकीर्दीतील (१५५६–१६०५) व्यवस्थेचे वर्णन अबुल फज्लने आईन-इ-अकबरी या ग्रंथात केले आहे. बादशाही छावणी हलविण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० भोई लागत. तंबू उभारणे, बिछायत अंथरणे व ती पुन्हा आवरणे या कामांसाठी इराण, तुराण व हिंदुस्थान येथील एक हजार फरास नेमलेले असत. २० गज ७ तसू लांब आणि ६ गज ११½ तसू रुंद अशा एका बिछायतीस १,८१० रुपये खर्च आला व जाणकारांनी तिची किंमत २,७१५ रुपये ठरविली, असेही त्याने नमूद केले आहे. अशा किमतीची वस्तू दर मुक्कामास उलगडावी व गुंडाळावी लागत असल्याने अनुभवी माणसांचे स्वतंत्र खाते ठेवणे अपरिहार्य होते. छावणीच्या सामानाचे दोन संच ठेवून एक संच पुढील मुक्कामी आगाऊ पाठविण्याची ‘पेशखान्या’ची पद्धत फ्रेंच प्रवासी बर्निये याने औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासाच्या वर्णनात दिली आहे. या पद्धतीमुळे सामान आवरताना घाई करावी लागत नसे.

मराठी राज्यातील अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखान्याचा समावेश आहे. तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे, गालिचे, गाद्या व तक्के-लोड हे सर्व सामान त्याच्या ताब्यात असे. पुणे शहरातील ‘फरासखाना’ हे स्थलनाम त्या व्यवस्थेची आठवण आजही टिकवून आहे.

नोंदींची पद्धत : आंबेर-जयपूर संस्थानच्या कोठारातील सतराव्या शतकातील गालिचे या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी अनेकांच्या पाठीमागे कापडी चिठ्ठ्या शिवलेल्या असून त्यांवर मोजमाप, कोठारात आल्याची वा तपासणीची तिथी अशा नोंदी आहेत. कारकुनांनी हिशेबासाठी केलेल्या या नोंदी आज गालिच्यांचा काळ ठरविण्यास अभ्यासकांना अत्यंत उपयुक्त ठरल्या आहेत. माल ताब्यात घेताना त्याची ओळख मालालाच जोडून ठेवावी, हे आधुनिक कोठारांतील तत्त्व येथे पूर्णत्वाने दिसते.

नाशाची कारणे : लोकरीच्या बिछायतीस कसर लागते. पतंगांच्या काही जातींच्या तसेच गालिचा-भुंगेऱ्याच्या अळ्या लोकरीतील केराटिन या प्रथिनावर जगतात व त्या अंधाऱ्या, न हलविलेल्या जागी वाढतात. म्हणून बिछायत बंद करून वर्षानुवर्षे ठेवणे हा तिच्या रक्षणाचा मार्ग नसून नाशाचा मार्ग ठरतो. ठरावीक काळाने ती उलगडून झटकणे, वारा देणे आणि पुन्हा गुंडाळणे ही जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे. कडुलिंबाचा पाला, वेखंड व पुढे डांबराच्या गोळ्या यांचा उपयोग घरोघरी होत आला आहे. दमट हवेत बुरशी धरते व सुती ताणा कुजतो. प्रखर उजेडात रंग उडतात. घडी घातल्यास मोडीच्या रेषेवर ताण्याबाण्याचे धागे तुटतात, म्हणून जाड गालिचा घडी न घालता गुंडाळणे श्रेयस्कर असते. संग्रहालयांत तो रुंद नळीवर, उभ्या तंतूंची बाजू बाहेर ठेवून व त्या तंतूंच्या कलाच्या दिशेने गुंडाळतात, जेणेकरून गाठींवर दाब येत नाही.

सागरी व्यापार : एकोणिसाव्या शतकात भारतीय बिछायत मोठ्या प्रमाणावर युरोप-अमेरिकेस जाऊ लागली. जेम्स डॅरा यांनी १८५९ मध्ये आलेप्पी (आजचे आलप्पुळा) येथे काथ्याच्या चटया विणण्याचा कारखाना काढला. आग्रा, येरवडा इ. ठिकाणच्या तुरुंगांतून कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. बोटीतील ओल आणि धक्क्यावरील हाताळणी हे या व्यापारातील मुख्य धोके होत. गठ्ठे उचलण्यासाठी हमाल वापरीत असलेला लोखंडी आकडा गोणपाट भेदून आतील माल फाडीत असे. ‘आकडा लावू नये’ या अर्थाचे चिन्ह आजही वेष्टनांवरील आंतरराष्ट्रीय चिन्हांत समाविष्ट आहे.

लिनोलियम व नंतरची द्रव्ये : इंग्रज संशोधक फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० नंतरच्या दशकात जवसाचे ऑक्सिडीभूत तेल, बुचाचा भुगा व राळ यांचे मिश्रण तागाच्या कापडावर पसरून लिनोलियम तयार केले. या उद्योगास लागणारे जवस व ताग यांचा पुरवठा भारतातूनही होत असे. लिनोलियमची गुंडाळी आडवी ठेवल्यास स्वतःच्या भाराने चपटी होते आणि थंडीत ती उलगडल्यास तडकते. त्यामुळे ती उभी ठेवणे व उलगडण्यापूर्वी खोलीच्या तापमानास येऊ देणे हा नियम रूढ झाला. यंत्रावरील गालिच्यांची लांब गुंडाळी याउलट आडवीच ठेवतात व तिच्या पोकळीत दांडा घालून यंत्राने उचलतात. ती मध्यभागी उचलल्यास वाकून मोडते. लाकडी फळ्या हवेतील ओलाव्याने फुगतात व आकसतात, म्हणून बसविण्यापूर्वी त्या काही दिवस त्याच जागी ठेवाव्या लागतात. माल घेताना वेष्टन ओले वा फाटलेले नाही आणि सर्व गुंडाळ्या एकाच वेळी रंगविलेल्या आहेत हे पाहणे आवश्यक असते, कारण हे दोष जमिनीवर अंथरल्यानंतर दुरुस्त होत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेल्या काही व्हिनिल फरश्यांत ॲस्बेस्टस असे. त्या फोडताना वा घासताना उडणारे तंतू फुप्फुसांस घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले.

हमालांची सुरक्षितता : जुन्या नोंदींत गालिच्याची किंमत आढळते, तो वाहणाऱ्याच्या पाठीची मात्र क्वचितच दखल घेतलेली असते. भारतातील १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामगारास इजा होईल इतके ओझे उचलावयास लावू नये, हे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारविषयक अधिनियम या वर्गास नोंदणी व कल्याणाच्या सोयी मिळवून देणारा म्हणून उल्लेखनीय आहे.

दोन उदाहरणे : इराणमधील आर्देबील येथील दर्ग्याच्या गालिच्यांची जोडी हिजरी ९४६ (१५३९-४०) मधील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते विकले गेले तेव्हा जीर्ण झाले होते. एकाची दुरुस्ती करण्यासाठी दुसऱ्याचे तुकडे वापरण्यात आले. दुरुस्त केलेला गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयमने १८९३ मध्ये २,००० पौंडांस घेतला. तेथे तो दीर्घकाळ भिंतीवर टांगलेला होता. २००६ पासून तो काचेच्या आवरणात जमिनीवर पसरून ठेवला असून उजेडाने रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे त्यावर प्रकाश टाकला जातो.

दुसरे उदाहरण आग्रा येथील तुरुंगातील कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणलेल्या गालिच्याचे आहे. तो सु. २४ × १२ मी. आकाराचा, सांधा नसलेला व सु. २ टन वजनाचा असून विंझर किल्ल्यातील वॉटर्लू दालनात अंथरला जातो. २० नोव्हेंबर १९९२ रोजी किल्ल्यास आग लागली, तेव्हा तो गुंडाळून सुरक्षित जागी नेण्यास पन्नास सैनिक लागले. विणणाऱ्या कैद्यांची नावे गालिच्याबरोबर प्रसिद्धीस आली नाहीत. परंतु त्यांचे काम वेळेवर धावलेल्या हातांमुळे आजही अखंड आहे.