घरून काम आणि कामातून शिक्षण

नोकरीत माणूस जे शिकतो, त्यातील फारच थोडे प्रशिक्षणवर्गात शिकवलेले असते. चिडलेल्या ग्राहकाशी कसे बोलावे, हिशेबातील विसंगती कशी हेरावी, हे नवागत जुन्या सहकाऱ्यांजवळ बसून, पाहून व ऐकून आत्मसात करतो. जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ साली या प्रक्रियेची मांडणी केली. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक लायबेरियातील शिंप्यांचे आहे. तेथील उमेदवार आधी तयार कपड्याचे शेवटचे हातकाम करतो, मग शिवण शिकतो आणि कापड बेतण्याचे काम त्याच्याकडे सर्वांत शेवटी येते. तोवर सगळे काम त्याच्या डोळ्यांसमोर चाललेले असते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे कार्यालये बंद झाली आणि असे ‘डोळ्यांसमोर’ असणेच संपले. त्याचे परिणाम नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन व अमांडा पॅलाइस या अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नोंदींवरून तपासले. साथीपूर्वी ज्यांचा सगळा चमू एकाच इमारतीत बसे, त्यांना आपल्या कामावर सहकाऱ्यांच्या २२ टक्के अधिक सूचना मिळत. या सूचना संगणकावरूनच दिल्या जात, तरीही शेजाराने एवढा फरक पडत होता. कार्यालये बंद होताच हा लाभ बव्हंशी नाहीसा झाला.

या अभ्यासाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. जवळ बसल्याने ज्येष्ठांचे स्वतःचे काम कमी होत होते, कारण शिकवण्याचा वेळ त्यांच्याच कामातून जात होता. म्हणूनच घरून काम सुरू झाल्यावर तात्कालिक उत्पादन वाढलेले दिसू शकते. नवागतांच्या शिक्षणातील तूट मात्र ताळेबंदात उमटत नाही.

काही दिवस घरून व काही दिवस कार्यालयातून, अशी संमिश्र पद्धत हा यावरील मध्यममार्ग. चीनमधील ‘ट्रिप डॉट कॉम’ या कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. विषम तारखेला जन्मलेल्यांना बुधवारी व शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा होती. नोकरी सोडण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. कामाचे मूल्यमापन व बढत्या यांवर प्रतिकूल परिणाम आढळला नाही.

येथे घरचे वार ठरलेले होते, हे विसरता कामा नये. अमेरिकी अभ्यासात चमूतील एक जण जरी दूर असला, तरी एकत्र बसलेल्यांमधील देवाणघेवाणही कमी होत असे. प्रत्येकाने सोयीचा वार निवडला, तर नवागत कार्यालयात येऊनही रिकाम्या खुर्च्यांशेजारीच बसेल. त्यामुळे संपूर्ण चमूचे कार्यालयीन दिवस समान ठेवणे, ग्राहकांशी होणाऱ्या दूरध्वनी बैठकांना नव्यांना श्रोते म्हणून बसवणे आणि शिकवण्यात गेलेला वेळ ज्येष्ठांच्या कामात मोजणे, हे उपाय महत्त्वाचे ठरतात. पूर्वी शेजारामुळे जे आपोआप घडत असे, ते आता योजनापूर्वक घडवावे लागते.