फ्रीजच्या पाठीवरची पाटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गेल्या वर्षी ऐन वैशाखात आमचा फ्रीज रुसला. आतला दिवा लागायचा, पण गारव्याचे नाव नाही. दर चार-पाच मिनिटांनी मागून ‘टक्’ असा आवाज यायचा, क्षणभर घुरघुर व्हायची आणि पुन्हा सारे शांत. सेवा केंद्राला फोन केला. आलेल्या तरुणाने मागे वाकूनसुद्धा पाहिले नाही. ‘काका, हे मॉडेल केव्हाच बंद झालं. पार्ट मिळणार नाहीत. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या,’ म्हणाला आणि भेटीचे पैसे घेऊन निघून गेला.

फ्रीज १९८९ सालचा. आईने भिशीच्या पैशांतून घेतलेला. घरात आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावून नारळ वाढवला होता. तो असा भंगारात द्यायला मन होईना. मग पलीकडच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकला बोलावले. साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी फ्रीज भिंतीपासून ओढला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पाठीवरची पत्र्याची पाटी फडक्याने पुसली. ‘आधी पत्रिका बघू, औषध मग,’ म्हणाले.

त्या पाटीवर मॉडेल क्रमांक होता, अनुक्रमांक होता, व्होल्टेज होते आणि एका कोपऱ्यात ‘आर-१२’ असे लिहून पुढे काही ग्रॅम दिले होते. एवढी वर्षे हा फ्रीज आमच्या घरात आहे, पण ती पाटी मी कधी वाचली नव्हती. श्रोतेहो, त्या दोन अक्षरी नावामागे केवढा इतिहास आहे, तेच आज सांगायचे आहे.

फ्रीज येण्याआधी आपल्याकडे बर्फ आला, आणि तोही जहाजाने. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, तरी भुशात गुंडाळलेला सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. पुढच्याच वर्षी तो मुंबईत उतरला. कलकत्ता, मुंबई, मद्रास या तिन्ही ठिकाणी बर्फघरे बांधली गेली. त्यांपैकी मद्रासचे आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून ते आता त्यांच्या नावाने ओळखले जाते. सामान्य घरात मात्र माठ, रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेले दुधाचे पातेले आणि जाळीचे कपाट, एवढीच काय ती शीतगृहे.

ज्या १८३४ साली मुंबईकरांनी अमेरिकेचा बर्फ पाहिला, त्याच साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने यंत्राने गारवा निर्माण करण्याचे पेटंट घेतले. तत्त्व तेच, जे आजही आपल्या स्वयंपाकघरात चालते. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. हातावर स्पिरिट टाकले की गार लागते ना, तसे. ती वाफ कॉम्प्रेसरने दाबायची, मागच्या काळ्या जाळीत तिची उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव करायचा, केसासारख्या बारीक नळीतून तो आत सोडायचा, की पुन्हा वाफ. फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून तर ती जाळी गरम लागते आणि म्हणूनच फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये.

प्रश्न होता तो या चक्रात फिरवायचे काय, हा. सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. सगळे विषारी. १९२९ मध्ये शिकागोत मिथाइल क्लोराइडच्या गळतीने माणसे दगावली. बर्लिनमध्ये असेच एक कुटुंब झोपेत गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले होते. त्यांनी आणि लिओ झिलार्ड यांनी मिळून हलणारा भागच नसलेल्या फ्रीजची पेटंटे घेतली. तो फ्रीज कुणाच्या घरी पोहोचला नाही, पण सापेक्षतावादाचा जनक फ्रीजच्या गळतीत डोके घालतो, यावरून तो प्रश्न केवढा होता ते कळावे.

दोन उपाय जवळजवळ बरोबरच आले. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद करून तो डबा फ्रीजच्या डोक्यावर बसवला. सांधे कमी, म्हणून गळती कमी. आज फ्रीजच्या मागे तळाशी जी काळी हंडी दिसते, ती याच डब्याची वंशज. दुसरा उपाय थॉमस मिजली याचा. त्याने शोधलेला वायू ना जळणारा, ना विषारी. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि हलकेच सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. तोच आमच्या पाटीवरचा आर-१२, अर्थात फ्रिऑन.

आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये घरगुती फ्रीज बनवायला सुरुवात केली. हैदराबादचे ऑल्विन, फरिदाबादचे केल्व्हिनेटर ही नावेही अनेकांच्या आठवणीत असतील. तेव्हा फ्रीज ही चैन होती. अनेक घरांत तो दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालावर फुलदाणी घेऊन उभा असे आणि शेजारची मुले बर्फाच्या खड्यासाठी वाटी घेऊन येत. या सगळ्या फ्रीजच्या पोटात आर-१२ होता. गॅस गेला की मेकॅनिक निळ्या-पिवळ्या नळ्या घेऊन येई आणि तासाभरात भरून देई. उरलेला वायू हवेत सोडताना कुणाला काही वाटत नसे. निरुपद्रवी वायू, वाटायचे कशाला?

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी सांगितले की हा ‘निरुपद्रवी’ वायू वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेले भगदाड दिसले आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आपल्यासारख्या देशांना हे वायू बंद करण्यासाठी २०१० सालापर्यंतची मुदत होती. आधी आर-१३४ए आला. त्याने ओझोन वाचला, पण पृथ्वीचा ताप वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक. म्हणून आता नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा जवळचा नातेवाईक. तो ज्वालाग्राही आहे, पण घरगुती फ्रीजमध्ये तो साधारण काही दशक ग्रॅमच लागतो.

आता पाटी का वाचायची ते लक्षात येईल. या तीन वायूंची मापे आणि दाब वेगळे. आर-१३४एला वेगळे कृत्रिम तेल लागते, जुन्या खनिज तेलाशी त्याचे जमत नाही. एकाचा गॅस दुसऱ्यात भरला तर कॉम्प्रेसर जाऊ शकतो. पाटीवर ज्वाळेची खूण आणि आर-६००ए असेल, तर गॅस काढून टाकल्याशिवाय कुणालाही तिथे बत्ती पेटवू देऊ नका. आणि गॅस भरताना मागची पेन्सिलीएवढी तांब्याची फिल्टर नळी बदलली का, ते जरूर विचारा. चक्र उघडले की ती बदलायलाच हवी, नाहीतर आत शिरलेली ओल त्या केसासारख्या नळीत गोठून बसते.

पण दर वेळी दोष गॅसचाच असतो असे नाही. बंद हंडीच्या बाहेर जे थोडके सुटे भाग आहेत, तेच बहुधा दगा देतात. हंडीला चिकटलेला रिले, त्याच्याशेजारचा ओव्हरलोड, आतला थर्मोस्टॅट आणि दाराचे रबर. या रबराचीही एक कथा आहे. पूर्वी दाराला खटका असे, तो आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपायला गेलेली मुले गुदमरून गेली, तेव्हा अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला की दार आतून ढकलून उघडलेच पाहिजे. त्यामुळे खटका जाऊन लोहचुंबकाची पट्टी असलेले रबर रूढ झाले. त्याची परीक्षा सोपी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी अलगद निघून आली तर रबर सैल झाले. आधी कोमट पाण्याने पुसून पाहा, नाहीतर बदला. कंपनीचे मिळाले नाही, तर माप घेऊन बनवून देणारे कारागीर अजून आहेत.

आमच्या मेकॅनिकने मागची वायर काढून रिले बाहेर काढला, कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळले. ‘हा बघा, हाच तुमचा टक्-टक्,’ म्हणाले. रिले फिरतीच नाही म्हटल्यावर कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडायचा आणि ओव्हरलोड त्याला जळण्याआधी तोडायचा. त्यांनी जुना रिले घेतला, कॉम्प्रेसरवरचा क्रमांक पाठीमागच्या पाकिटावर लिहून घेतला. हा क्रमांक महत्त्वाचा, कारण रिले फ्रीजच्या मॉडेलवर नव्हे, तर कॉम्प्रेसरवर ठरतो. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाजारातून त्याच जोडीचा रिले घेऊन आले. तीस मिनिटांत फ्रीज घुरघुरू लागला. ‘पार्ट मिळणार नाही’ म्हणतात तो पार्ट अनेकदा दोनशे रुपयांचा असतो.

युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून नियम केला की फ्रीजचे उत्पादन थांबल्यावरही थर्मोस्टॅटसारखे भाग किमान ७ वर्षे आणि दाराचे रबर १० वर्षे मिळाले पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. हक्क कागदावर येणे चांगलेच, पण तो बजावायला दोन गोष्टी लागतात. पाटी वाचणारा ग्राहक आणि हंडीचा आवाज ओळखणारा कारागीर.

जाताना मी त्यांना विचारले, अजून किती वर्षे चालेल? ते म्हणाले, ‘गॅस आहे तोवर. गेला तर मला बोलावू नका, हा गॅस आता नको. तेव्हा मात्र नवीन घ्या.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘तोवर मीही काम थांबवलेलं असेल. मुलगा बँकेत आहे.’ त्यांनी पाटी पुन्हा एकदा पुसली आणि फ्रीज भिंतीपासून चार बोटे लांब ठेवून दिला.